दोन जिवांचे ताट

ज्ञातीच्या वार्षिक स्मरणिकेत आजवर आपल्या मूळ पुरुषांचा, कुलाचारांचा व शुक्रवार पेठेतील आपल्या वस्तीचा इतिहास वेळोवेळी प्रसिद्ध झाला आहे. त्यात कर्त्या पुरुषांची नावे पुष्कळ आहेत. परंतु ज्यांच्या उदरी ही ज्ञाती वाढली, त्या माउलींस गरोदरपणी काय खावयास मिळाले आणि त्यांच्या हातचे काम कोणी उचलले, याचा उल्लेख क्वचितच आढळतो. तो इतिहास यथामति मांडण्याचा आम्ही येथे प्रयत्न करीत आहो.

'डोहाळे' हा शब्द संस्कृत 'दोहद' या शब्दापासून आला. चौथ्या महिन्यात गर्भाचे हृदय व्यक्त होते, म्हणून त्या स्त्रीस दोन हृदयांची समजावे व तिची इच्छा पुरवावी, असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. चरकसंहितेत तर महिनावार आहारच दिला आहे: पहिल्या महिन्यात दूध, तिसऱ्यात मध व तूप घातलेले दूध, चौथ्यात दूध व लोणी, असा तो क्रम आहे. कालिदासाच्या 'रघुवंशा'त राणी सुदक्षिणेस मृत्तिका खाण्याचे डोहाळे लागतात. आमच्या पेठेतही भाजलेली माती, चुलीतील राख, फार काय शाळेची पाटीवरची पेन्सिलदेखील खाणाऱ्या गरोदर स्त्रिया आम्ही पाहिल्या आहेत. लोक त्यास कौतुकाने डोहाळे म्हणत. असे खाणे पुष्कळदा रक्तक्षयाचे लक्षण असते, हे आम्हांस फार उशिरा कळले.

आपल्या पूर्वजांनी डोहाळजेवण घातले, पहिलटकरणीस सातव्या महिन्यात माहेरी धाडण्याची रीत घातली, डिंकाचे व अळिवाचे लाडू सांगितले. या रीतींचे मर्म केवळ पक्वान्नात नव्हते. माहेरी गेलेल्या लेकीच्या डोक्यावरची घागर आई किंवा भावजय उतरवून घेई. जात्यावर तिच्याऐवजी दुसरी बसे. अन्न आणि विसावा ही दोन्ही तिला एकदमच मिळत. मात्र हे सुख बहुधा पहिल्या खेपेपुरते असे. दुसऱ्या-तिसऱ्या खेपेस तीच स्त्री सासरी सर्वांमागून जेवे, आणि तळाशी उरलेल्या कोरड्यासावर तिची भाकरी होई. "पोट लई वाढवू नगं, सुटका जड जाईल," असे वडीलधाऱ्या बायका बजावीत. लहान मूल सुखाने जन्मते अशी ती समजूत होती. पण लहान मूल लवकर दगावतेही, हा त्या समजुतीतील दुसरा भाग कोणी बोलत नसे.

आमच्या मातोश्री नवव्या महिन्यापर्यंत मागासाठी कांड्या भरीत. आमच्या पाठची दोन भावंडे महिन्याच्या आत गेली. घरात कोणी दुष्ट नव्हते. 'नशीब' असे म्हणून सर्वांनी डोळे पुसले. तिचे ताट कोणी पाहिले होते, असे आम्हांस आठवत नाही. आम्हीही पाहिले नाही.

शहराचा इतिहासही याच वाटेने गेला. १८७६ ते १८७८ च्या भीषण दुष्काळाने सोलापूर जिल्हा होरपळला. त्याच काळात, १८७७ मध्ये, आपली 'जुनी गिरणी' सुरू झाली. पुढे लक्ष्मी, विष्णू, नरसिंगगिरजी या गिरण्या उभ्या राहिल्या. खेड्यांतील कुटुंबे पोटासाठी शहरात आली. स्त्रिया वाइंडिंग-रिळिंग खात्यांत उभ्या राहिल्या. भोंगा झाला की गरोदर स्त्रीसही निघावे लागे. माहेर दूर राहिले, शेजार नवा होता, आणि रजा म्हणजे बुडालेली मजुरी.

स्त्रियांस स्त्री-डॉक्टरांची मदत मिळावी म्हणून १८८५ मध्ये लेडी डफरीन यांच्या नावाचा निधी निघाला होता. आपल्या शहरातील डफरीन रुग्णालय व डफरीन चौक यांच्या नावांत ती आठवण टिकून आहे. परंतु रुग्णालय प्रसूतीच्या वेळचे. त्याआधीच्या नऊ महिन्यांचे काय, हा प्रश्न राहिलाच होता. १९२८ च्या जुलै महिन्यात मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूतिभत्त्याच्या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी या प्रश्नास हात घातला. प्रसूतीपूर्वी व नंतर मातेस विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, असे त्यांनी प्रतिपादन केले. १९२९ मध्ये मुंबई इलाख्याचा प्रसूतिभत्ता कायदा झाला, आणि कामगार स्त्रीस काही आठवड्यांसाठी दररोज आठ आण्यांपर्यंत भत्ता देण्याची तरतूद झाली.

योगायोग असा की, त्याच सुमारास डॉ. लूसी विल्स या आंग्ल विदुषी मुंबईस येऊन गरोदर स्त्रियांच्या रक्तक्षयाचा अभ्यास करीत होत्या. गिरणीत राबणाऱ्या स्त्रियांचा त्यात विशेष विचार होता. यीस्टच्या अर्काने हा विकार बरा होतो, हे त्यांनी १९३१ मध्ये प्रसिद्ध केले. त्या अर्कातील गुणकारी द्रव्य पुढे 'फोलिक ॲसिड' म्हणून ओळखले गेले. आज जगभर गरोदर स्त्रीस जी गोळी देतात, तिच्या इतिहासात मुंबईच्या गिरणी कामगारणींचा वाटा आहे.

स्वातंत्र्यानंतर १९६१ चा प्रसूतिलाभ कायदा आला. २०१७ च्या दुरुस्तीने पगारी रजा २६ आठवड्यांची झाली, आणि ही तरतूद पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत समाविष्ट झाली. १९६६ च्या विडी कामगार कायद्याने घरी बसून विड्या वळणाऱ्या स्त्रीसही प्रसूतिलाभाचा अधिकार दिला. सोलापुरास याचे महत्त्व सांगावयास नको. २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू होऊन अंगणवाडीतून गरोदर स्त्रीस पूरक आहार मिळू लागला. तथापि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रियांच्या अंगी रक्त कमी आढळले. कायदा झाला, गोळी आली, शिधा आला. मग उणे काय राहिले?

याचे उत्तर आम्हांस पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनात दिसते. १९९३ ते १९९६ या काळात त्यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गरोदर स्त्रियांची पाहणी केली. त्यांच्या बालकांचे सरासरी जन्मवजन सुमारे २.७ किलो भरले. ज्या माता हिरव्या पालेभाज्या, फळे व दूध वारंवार घेत, त्यांची बाळे अधिक भरलेली होती. आणि ज्यांना पाणी वाहणे, धुणे, शेतकाम यांचे कष्ट फार पडत, त्यांची बाळे लहान होती. म्हणजे बाळाचे वजन वाढावयाचे तर आईच्या ताटात भर पडली पाहिजे, तसेच तिच्या डोईवरचे ओझेही उतरले पाहिजे. शिधा सरकार देईल. परंतु घागर सरकार उचलणार नाही. ती घरच्यांनी व शेजाऱ्यांनीच उचलावी लागते.

येथे एक सावधगिरी सांगणे अवश्य आहे. 'दोन जिवांची म्हणून दोघांचे खा' हाही उपदेश अतिरेकाचा होय. साधारण बांध्याच्या स्त्रीचे वजन गरोदरपणात सुमारे १० ते १२ किलो वाढावे. कृश स्त्रीचे काहीसे अधिक, स्थूल स्त्रीचे कमी. प्रमाणाबाहेर वजन वाढल्यास मधुमेह व रक्तदाब यांचे भय असते. चौथ्या महिन्यापासून रोज सुमारे ३५० कॅलरी अधिक पुरतात. ज्वारीची एक भाकरी, मूठभर शेंगदाणे व लहान पेलाभर दूध एवढ्यात ते भागते. हे कोणत्या घरास अशक्य आहे?

आता ज्ञातिबांधवांस व भगिनींस आमची विनंती. डोहाळजेवणास आज कार्यालय, फुलांचे दागिने, छायाचित्रे यांवर मोठा खर्च होतो. समारंभ अवश्य व्हावा. परंतु एका दिवसाच्या त्या थाटातील अर्धी रक्कम त्याच सुनेच्या उरलेल्या महिन्यांच्या दूध-भाजीस लावावी. घरात गरोदर स्त्री असेल तर तिचे ताट सर्वांच्या आधी वाढावे. नळास पाणी येईल तेव्हा पुरुषांनी घागरी भराव्यात. यात कमीपणा नाही. संस्थेच्या महिला मंडळाने आळीआळीतील गरोदर भगिनींची नोंद ठेवावी, महिन्यास एकदा त्यांना दवाखान्यात किंवा अंगणवाडीत वजनास सोबत न्यावे, आणि वजन वाढत नसेल तर घरच्या वडीलमाणसांशी बोलावे. सून एकटी बोलू शकत नाही. चौघीजणी दारात आल्या म्हणजे सासरही ऐकते.

बाळ जन्मताच अडीच किलोंहून कमी भरले, तर तो दोष आईचा मानण्याची आपली जुनी खोड आहे. वस्तुतः त्या काट्यावर आईबरोबर तिचे घर, तिची आळी व तिची ज्ञाती यांचेही वजन होत असते. पुढील स्मरणिकेत ज्ञातीच्या हिशेबाबरोबर आपल्या पेठेतील नवजात बालकांच्या वजनांचाही ताळेबंद, नावे न देता, छापला जावा, एवढी इच्छा व्यक्त करून आम्ही लेखणी खाली ठेवतो.