ओळीखालची रेघ: आवडलेलं वाक्य पुरावा म्हणून कसं वाचायचं?

तुमच्यापैकी बऱ्याच जणांकडे एक वही असणार. वाचताना आवडलेली वाक्यं उतरवून ठेवायची वही. नेट-सेटचा अभ्यास सुरू झाला की त्या वहीत समीक्षकांची मतं शिरतात आणि आवडीची वाक्यं मागे पडतात. "आवडलं म्हणजे पुरावा झाला का?" असं कुणीतरी सुनावतं आणि आपण गप्प बसतो. आज त्या वहीबद्दल बोलू.

माझा विषय आहे मराठी ख्रिस्ती पुस्तकांचे वाचक. ही पुस्तकं कुणी लिहिली, कुणी छापली याची माहिती बऱ्यापैकी मिळते. वाचणाऱ्याने त्यातलं काय उचललं, हे शोधणं अवघड. कोल्हापुरात बसून हा प्रश्न सहज सुचतो. आपलं करवीर नगर वाचन मंदिर १८५० सालचं, आणि अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर कोल्हापुरात आले १८५२ मध्ये. वाचनालय आणि मिशन, दोन्ही गोष्टी गावात दोन वर्षांच्या अंतराने सुरू झाल्या.

आता माझी फजिती सांगते, म्हणजे तुमची टळेल. कोल्हापुरातल्या एका ख्रिस्ती घरात मला लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रे'ची जुनी प्रत मिळाली. मुखपृष्ठ गेलेलं, शीर्षकाचं पानही नाही, कागद पिवळा पडलेला. पानापानावर ओळींखाली रेघा. 'स्मृतिचित्रे'चा पहिला भाग १९३४ चा, म्हणून मी ठरवूनच टाकलं की ही प्रत तीसच्या दशकातली आणि या रेघा त्या काळच्या ख्रिस्ती वाचक स्त्रीच्या. तीन महिने खपून एक प्रकरण लिहिलं. मार्गदर्शक मॅडमनी फोटो बघितले आणि एवढंच विचारलं, "रेघ कशाने मारलीय?"

"बॉलपेनने."

"आणि बॉलपेन बाजारात कधी आलं?"

खोलीवर येऊन शोधलं. बॉलपेनची मोठी विक्री अमेरिकेत सुरू झाली तीच मुळात १९४५ मध्ये. प्रकरण गेलं की हो!

मग जे आधी करायला हवं होतं ते केलं. ज्या आजींनी प्रत दिली होती त्यांच्याकडे परत गेले. त्या हसायलाच लागल्या. "अगं, त्या रेघा माझ्याच. बी.ए.ला पुस्तक होतं आम्हाला. परीक्षेला जे येणार त्याखाली रेघ." म्हणजे मी ज्याला वाचकाची आवड समजत होते, तो परीक्षेचा अंदाज होता.

त्या रेघा परत नीट बघितल्या तेव्हा आणखी एक गोष्ट दिसली. लक्ष्मीबाईंच्या वडिलांच्या सोवळ्याच्या वेडाचा भाग रेघांनी भरलेला. तो विनोदी भाग आहे, वाचणारा हसतोच. पण त्या वेडामागे १८५७ च्या धामधुमीत घरातल्या एका नातलगाला झालेल्या फाशीची हकीकत आहे. तिच्याखाली एकही रेघ नाही. फाशी बाजूला ठेवली की सोवळं ही गंमत होते. फाशीसकट वाचलं की त्याच ओळींत एका घाबरलेल्या माणसाचं चित्र दिसतं. लक्ष्मीबाईंनी दोन्ही लिहिलं, परीक्षेने एक निवडलं. तुम्हाआम्हाला त्यांच्या आठवणाऱ्या ओळी कुठल्या? बहुधा हसवणाऱ्याच. ती निवड आपली की कुणी आपल्यासाठी केलेली, हे एकदा स्वतःला विचारा.

त्या प्रतीत एके ठिकाणी मात्र रेघ पेन्सिलीची होती. नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला, लक्ष्मीबाईंनी १९०० मध्ये. मधल्या काळात त्यांना पतीपासून दूर, नातेवाइकांत राहावं लागलं, त्या दिवसांची ती पानं. "ही पण परीक्षेचीच का, आजी?" मी विचारलं. त्या थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "नाही. ती नंतरची. आमच्या घरातही तसंच काहीसं झालं होतं त्या वर्षी." मी पुढे विचारलं नाही. लिहिलंस तर माझं नाव नको, एवढंच त्यांनी सांगितलं, आणि ते मी पाळते आहे.

बघा, पेन्सिलीवरून काळ ठरवता येत नाही. रेघेचा अर्थ फक्त आजींना ठाऊक होता. मी प्रत घेऊन निघून आले असते तर माझ्या दृष्टीने दोन्ही रेघा सारख्याच होत्या.

हे झालं एका प्रतीचं. पण आवडलेल्या गोष्टी एका पुस्तकात राहत नाहीत. त्या दुसऱ्या पुस्तकात जातात, आणि जाताना आपलं मूळ गाव विसरतात. याचं उदाहरण तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी शाळेत असताना वाचलेलं असेल: 'चौघीजणी'. शान्ता शेळके यांनी केलेला लुईझा मे अल्कॉटच्या 'लिटल विमेन'चा अनुवाद. मूळ पुस्तकाचा पहिला भाग १८६८ चा. लक्ष्मीबाईंचा जन्मही १८६८ चाच, हा योगायोग लक्षात ठेवायला सोपा.

'लिटल विमेन'मधल्या बहिणी लहानपणी एक खेळ खेळायच्या. पाठीवर बोचकं बांधून तळघरातून निघायचं आणि गच्चीपर्यंत चढत जायचं. हा खेळ जॉन बन्यनच्या 'पिलग्रिम्स प्रोग्रेस'मधला. १६७८ मध्ये आलेलं हे पुस्तक म्हणजे पाठीवर पापाचं ओझं घेऊन स्वर्गीय नगराकडे निघालेल्या यात्रेकरूची कथा. अल्कॉटने प्रकरणांची नावंसुद्धा तिथूनच घेतली. ओझी, अपमानाची दरी, व्हॅनिटी फेअर हा बाजार, सगळं बन्यनचं. अल्कॉटच्या आधी याच बाजाराचं नाव थॅकरेने आपल्या कादंबरीला दिलं होतं.

आणि मराठीत? हरी केशवजी यांनी बन्यनचं भाषांतर 'यात्रिक क्रमण' या नावाने १८४१ मध्येच केलं होतं. म्हणजे चौघी बहिणी मराठीत येण्याच्या कितीतरी आधी त्यांचा यात्रेकरू मराठीत चालत होता! पण आज 'यात्रिक क्रमण' आपण वाङ्मयेतिहासाच्या प्रश्नपत्रिकेत भेटतो, आणि 'चौघीजणी' घराघरांत. एक ख्रिस्ती उपदेशकथा मराठी मुलींच्या आठवणीत पोचली ती चार बहिणींच्या गोष्टीतून. ज्यो आवडणाऱ्या किती जणींना तिच्या पाठीवरचं बोचकं कुठून आलं ते माहीत असेल?

सरावासाठी एक काम देते. मूळ 'लिटल विमेन'ची प्रकरणांची यादी आणि तुमच्या घरची 'चौघीजणी' शेजारी ठेवा. बन्यनच्या खुणा मराठीत कुठे तशाच राहिल्या, कुठे बदलल्या, कुठे विरल्या, ते टिपा. एका दुपारचं काम आहे, पण शोधनिबंधाचं बीज त्यात मिळू शकतं.

आता पुन्हा वहीकडे. तिच्यातलं वाक्य संशोधनात वापरायचं असेल तर चार प्रश्न विचारा. हे वाक्य पुस्तकात कुठे आहे, त्याच्या आधी-नंतर काय आहे? कुठल्या आवृत्तीतलं, कुणाच्या अनुवादातलं? ते कुणी, कधी, कशासाठी निवडलं? आणि निवडणाऱ्याने शेजारचं काय सोडलं? चौथा प्रश्न सगळ्यात अवघड, कारण कोऱ्या समासाकडे आपलं लक्षच जात नाही.

"आवडलं म्हणजे पुरावा झाला का?" याला माझं आजचं उत्तर असं: हो, पण वाचणाऱ्याबद्दलचा. पुस्तकाबद्दल बोलायचं तर पुढचं काम करावंच लागेल. म्हणून वही टाकू नका. आजपासून प्रत्येक वाक्यापुढे तारीख, आवृत्ती आणि पान लिहा, आणि त्या दिवशी ते का आवडलं ते एका ओळीत. उद्या कुणी तुमची वही उघडली तर निदान रेघ कशाने मारलीय यावर अडायला नको.

माझं प्रकरण पुन्हा लिहून झालंय. पहिलं वाक्य बॉलपेनबद्दल आहे.