वरचे दूध, पितळी भांडी आणि बालयकृताचा एक विकार

सातारा आणि सांगली हे आज दोन जिल्हे असले, तरी १९४९ साली दक्षिण सातारा वेगळा होईपर्यंत त्यांतील पुष्कळ मुलूख एकाच जिल्ह्यात मोडत होता. त्या नव्या जिल्ह्यास 'सांगली' हे नाव मिळाले ते १९६० साली. कागदावरील या विभागणीने स्वयंपाकघरात मात्र काही फरक पडला नाही. कराडच्या घरात जी पितळेची तपेली, चरवी आणि गडू, तीच मिरजेच्या घरात. कासाराने भांडे विकावे, कल्हईवाल्याने भाता लावून नवसागर व कथील यांनी ते आतून पांढरे करून द्यावे, आणि कल्हई उडाली की पुन्हा त्याची वाट पाहावी, असा हा क्रम पिढ्यान्‌पिढ्या चालला. पुण्यापासून कृष्णाकाठापर्यंत जवळजवळ एकरूप असलेल्या या भांड्यांच्या संसाराशी तान्ह्या मुलांच्या एका घातक विकाराचा इतिहास निगडित आहे.

या विकाराचे पहिले वर्णन १८८७ साली कलकत्त्यास सेन यांनी केले. पुढे वैद्यकात तो 'इंडियन चाइल्डहुड सिऱ्हॉसिस' या नावाने रूढ झाला. साधारणतः एक ते तीन वर्षांचे मूल किरकिरे होई, त्याचे पोट वाढे, यकृत टणक होऊन त्याची धार हातास लागे. मग कावीळ, पोटात पाणी आणि बहुधा काही महिन्यांत मृत्यू. एकाच घरात पाठोपाठची भावंडे दगावत. घरोघरी याला 'मुलाला लिव्हर झाले' एवढेच म्हणत. अवयवाचेच नाव रोगाला मिळावे, आणि तेही इंग्रजी, यावरून देशी वैद्यकाच्या परिभाषेत या विकारास स्वतंत्र स्थान नव्हते असे अनुमान करता येईल. 'कावीळ' हा शब्द संस्कृत 'कामला'पासून आलेला व जुना. परंतु तो ज्या लक्षणाचा वाचक आहे ते लक्षण येथे उशिरा प्रकटे. लोकांच्या ओळखीचे चिन्ह दिसू लागेपर्यंत रोग बराच पुढे गेलेला असे.

कारणाविषयी दीर्घकाळ मतभेद होते. कोणी कुलदोष मानला, कोणी विषाणू, कोणी आहारातील न्यून. अशा वेळी आईच्या दुधाला किंवा तिच्या पायगुणाला बोल लागणे ओघानेच आले. १९७९ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात दोन शोधनिबंध आले. त्यांपैकी एक स्टुअर्ट टॅनर व त्यांचे सहकारी यांचा होता आणि पुण्याचे आनंद पंडित त्यात सहभागी होते. निरोगी यकृताच्या एक ग्रॅम शुष्क भारात तांबे सामान्यतः पन्नास मायक्रोग्रॅमपेक्षा कमी असते. या मुलांच्या यकृतात ते कित्येकदा हजाराच्याही वर आढळले. हे तांबे आले कोठून, या प्रश्नाचा शोध घेण्यासाठी पुण्यातील संशोधकांनी रुग्णालयातून स्वयंपाकघरात पाऊल टाकले. १९८३ साली टॅनर, पंडित, शीला भावे प्रभृतींनी मांडले की या मुलांना अंगावरील दुधाऐवजी फार लवकर वरचे दूध सुरू झालेले असते, आणि ते पितळेच्या वा तांब्याच्या भांड्यात तापवलेले व ठेवलेले असते. १९८७ साली निरोगी मुलांशी केलेल्या तुलनेतही त्यांना हाच भेद दिसला. पितळेतील तांबे दुधात उतरते आणि तेथील प्रथिनाला चिकटून राहते, हे पुढे प्रयोगानेही सिद्ध झाले.

येथे मराठी भाषेतील एक क्रियापद विचारात घेण्याजोगे आहे. कल्हई नसलेल्या भांड्यात ताक, दही, चिंचेचे सार ठेवले तर ते 'कळकते'. या एका शब्दात धातूचा आणि अन्नाचा संयोग, त्याची चव आणि त्याविषयीची सावधगिरी, तिन्ही येतात. म्हणजे तांब्याचा दोष घरातील स्त्रियांना ठाऊक नव्हता असे मुळीच नाही. परंतु हे ज्ञान आंबट पदार्थापुरते होते, कारण तेथे जीभ साक्ष देते. गोडे दूध कळकल्याची तक्रार कोणी करीत नसे. त्याचा रंग पालटत नाही, आणि बोंडल्याने दूध पिणारे मूल चवीविषयी काय सांगणार? तेव्हा या मातांवर अज्ञानाचा ठपका ठेवणे अन्यायाचे होईल. त्यांचे ज्ञान जिभेच्या साक्षीवर उभे होते, आणि जीभ जेथे मुकी तेथे तेही थांबले.

शरीरातील तांबे बाहेर काढणारे पेनिसिलामाइन हे औषध पुण्यात वापरून पाहण्यात आले. लवकर आणलेल्या मुलांपैकी काही त्याने वाचली व वाढली. कावीळ पुढे गेलेल्यांस त्याचा उपयोग थोडा. यकृतरोपणाचा मार्ग त्या काळी येथे उपलब्धच नव्हता. स्टार्झल यांना अमेरिकेत १९६७ साली त्यात यश आले, भारतात मुलावरील पहिले यशस्वी रोपण १९९८ साली दिल्लीस झाले; तोवर हा विकार विरळ झालेला होता.

तांब्याचा सिद्धान्त सर्वमान्य झाला असे मात्र नाही. १९७९ च्या दुसऱ्या निबंधाचे एक लेखक नायक यांनीच २०१३ साली चितळे यांच्यासह दुधाच्या भांड्यांना कारण मानण्यास हरकत घेतली. उलट पक्षी ऑस्ट्रियातील तिरोल प्रांताचा दाखला बोलका आहे. तेथे १९०० ते १९७४ या काळात १३८ अर्भके अशाच विकाराने दगावल्याचे १९९६ साली प्रसिद्ध झाले. तेथेही गाईचे दूध तांब्याच्या भांड्यातूनच दिले जाई, आणि भांडी बदलल्यावर रोग नाहीसा झाला. मात्र त्या मुलांमध्ये आनुवंशिक दोषही असल्याचे दिसते. विष आणि कुलदोष ही कारणे एकमेकांस वगळणारी आहेत, हे गृहीतच बहुधा चुकीचे असावे.

पुण्याच्या संशोधकांनी मातांना भांडी बदलण्याचा सल्ला दिला. पण सातारा-सांगलीकडील घरांत स्टेनलेस स्टील आले ते या सल्ल्याची वाट पाहत बसले नाही. चिंचेने घासण्याचे कष्ट वाचले, कल्हईचा खर्च वाचला, आणि रुखवतात स्टीलचे डबे मांडणे प्रतिष्ठेचे झाले. पितळेच्या चरव्या मोडीत गेल्या, त्या यकृताचा विचार कोणाच्याही मनात नसताना.