मौन, आज्ञापालन आणि पंडिता रमाबाई : १८८५ मधील एका वादाचा विचार

स्त्रियांनी मंडळीत मौन धरावे व अधीन राहावे, या चर्चपरंपरेतील दंडकास मुख्यत्वे दोन ठिकाणांचा आधार दिला जातो : करिंथकरांस पहिले पत्र १४:३४-३५ आणि तीमथ्याला पहिले पत्र २:११-१२. प्रस्तुत लेखात या दंडकाचा विचार पंडिता रमाबाईंच्या संदर्भात केला आहे.

रमाबाईंनी २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधील वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅम लेडीज कॉलेजमध्ये डोरोथिया बील यांच्या सहवासात त्यांचे अध्ययन व संस्कृतचे अध्यापन सुरू झाले. त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे असा विचार पुढे येताच मुंबई व लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. हरकतीचे स्वरूप लक्षणीय आहे. पौलाच्या वचनापेक्षा हिंदी लोकमताचा दाखला त्यांना अधिक सोयीचा वाटला. पुरुषांना शिकविणारी स्त्री स्वदेशात आदरास मुकेल, असे त्यांचे म्हणणे. परभणी जिल्ह्यातील गंगाखेडच्या जनाबाईचे अभंग पुरुषही शतकानुशतके भजनात गात आले आहेत, हे या लोकमताच्या हिशेबात धरले गेले नाही. रमाबाईंनी ८ मे १८८५ रोजी बील यांना कळविले की, आईने व आपण तरुणांना शिकविण्यास ना वडिलांनी हरकत घेतली, ना पतीने. ती काही इंग्रजांनी घ्यावी याचे नवल वाटते. पत्नीस संस्कृत शिकविल्याबद्दल अनंतशास्त्री डोंगरे यांनी शास्त्रीमंडळींचा रोष पत्करला होता, हे ध्यानी घेता या उत्तराची धार कळते. चारच दिवसांनी सिस्टर जेराल्डिन यांना त्यांनी लिहिले की, भारतीय पुरोहितवर्गाचे जोखड मोठ्या प्रयासाने झुगारल्यावर तसलेच दुसरे जोखड घेण्याची आपली तयारी नाही. ईश्वराची आज्ञा त्यांना शिरोधार्य होती. धर्माधिकाऱ्याचा प्रत्येक शब्द म्हणजे ती आज्ञा, हे समीकरण त्यांनी अमान्य केले.

आता वचनांकडे वळू. करिंथकरांच्या त्याच पत्रात (११:५) प्रार्थना करणाऱ्या व संदेश देणाऱ्या स्त्रीने मस्तक झाकावे असे सांगितले आहे. अर्थात स्त्रिया मंडळीत बोलत होत्या. शिवाय चौदाव्या अध्यायातील मौनाचे ग्रीक क्रियापद २८ व ३० या वचनांत अन्य भाषा बोलणाऱ्यास आणि संदेष्ट्यासही लावले आहे. त्यांचे मौन प्रसंगापुरते व स्त्रियांचे कायमचे, असा भेद रूढ अर्थात झाला. तीमथ्याच्या पत्रातील निर्बंध मात्र इतक्या सहजी उलगडत नाही, हे मान्य केले पाहिजे. तेथे शिकविण्याचीच मनाई आहे.

रमाबाईंनी मूळ हिब्रू व ग्रीकवरून केलेले संपूर्ण बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या मृत्यूनंतर १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. मनाईचे ते वचनही त्यात एका स्त्रीच्या लेखणीतून उतरले आणि केडगावच्या मुक्ती सदनातील स्त्रियांनी ते छापले.