ईमेल प्रोग्रॅम बदलायचाय? जुने मेल आणि ओटीपी न गमावता तो कसा बदलायचा?

८ ऑक्टोबर २०२५ रोजी केंद्रीय गृहमंत्री अमित शाह यांनी आपण झोहो मेल वापरायला सुरुवात केल्याचं एक्सवर जाहीर केलं आणि नव्या पत्त्याची नोंद घ्यायला सांगितलं. त्याच सुमारास आणखी एक बातमी आली. केंद्र सरकारच्या सुमारे १२ लाख कर्मचाऱ्यांचे ईमेल झोहोच्या यंत्रणेवर हलवण्यात आले होते. पण त्यांचे पत्ते मात्र बदलले नाहीत. ते आधीसारखेच 'एनआयसी डॉट इन' किंवा 'गव्ह डॉट इन'ने संपतात.

दोन्हीकडे कंपनी तीच, मग एकीकडे पत्ता बदलला आणि दुसरीकडे नाही, असं का? याचं उत्तर कळलं की आपला ईमेल बदलणंही सोपं होतं.

ईमेल म्हणजे नेमकं काय काय?

आपण ज्याला सरसकट 'ईमेल' म्हणतो, त्यात तीन गोष्टी असतात.

- पत्ता : लोक ज्यावर मेल पाठवतात तो.
- सेवा : मेल जिच्या सर्व्हरवर साठतात ती. उदा. जीमेल, झोहो मेल.
- प्रोग्रॅम : मेल ज्यात उघडून वाचतो तो. उदा. आउटलुक, थंडरबर्ड किंवा मोबाइलमधलं ॲप.

सरकारी कर्मचाऱ्यांची सेवा बदलली, पण पत्त्यातलं डोमेन सरकारच्या मालकीचं असल्याने पत्ता टिकला. जीमेलचा पत्ता मात्र जीमेलसोबतच राहतो. सेवा सोडली की पत्ताही सुटतो.

फक्त प्रोग्रॅम बदलायचा असेल तर?

हे सर्वांत सोपं काम. मायक्रोसॉफ्टने विंडोजमधल्या जुन्या 'मेल' ॲपचा सपोर्ट ३१ डिसेंबर २०२४ रोजी बंद केला, तेव्हा अनेकांना नवा प्रोग्रॅम घ्यावा लागला. त्यांचा पत्ता आणि सेवा मात्र तीच राहिली.

बदलण्याआधी एकच गोष्ट तपासा : जुनं खातं 'आयमॅप' पद्धतीने जोडलंय की 'पॉप'ने? आयमॅपमध्ये मेल सर्व्हरवरच राहतात. नव्या प्रोग्रॅममध्ये लॉगिन केलं की सगळे दिसू लागतात. पॉपमध्ये मेल कॉम्प्युटरवर उतरतात आणि सेटिंग तसं असेल तर सर्व्हरवरून पुसलेही जातात. म्हणजे तुमच्या जुन्या मेलची एकमेव प्रत त्या कॉम्प्युटरमध्येच असू शकते. तो फॉरमॅट करण्याआधी मेल एक्सपोर्ट करून पेनड्राइव्हवर घ्या.

थंडरबर्डसारख्या मोफत प्रोग्रॅमचा आणखी एक फायदा आहे. मेल कॉम्प्युटरवरही साठवता येतात. पवन मावळात किंवा नाणे मावळात ऐन पावसात नेट गेलं, तरी उतरवून घेतलेलं बुकिंग उघडून पाहता येतं.

सेवाच बदलायची असेल तर?

इथे घाई महागात पडते. समजा, लोणावळ्यात तुमचा होमस्टे आहे. जीमेलचा पत्ता पाटीवर आहे, व्हिजिटिंग कार्डवर आहे, बुकिंगच्या साइट्सवर आहे. त्याच पत्त्यावर बँकेचे आणि जीएसटीचे ओटीपी येतात. अशा वेळी हा क्रम ठेवा.

१. नवं खातं उघडा. जुनं चालूच ठेवा.

२. जुन्या मेलची प्रत घ्या. जीमेलसाठी 'गूगल टेकआउट'मधून सगळे मेल एका फाइलमध्ये उतरवता येतात.

३. नव्या सेवेत 'इम्पोर्ट'चा पर्याय असेल तर जुने मेल आणि कॉन्टॅक्ट्स तिथे आणा.

४. जुन्या खात्यात 'फॉरवर्डिंग' सुरू करा. यातून फक्त यापुढे येणारे मेल पुढे जातात. स्पॅममध्ये पडलेले जात नाहीत, म्हणून जुनं खातं अधूनमधून उघडून पाहा.

५. आता पत्ता बदलत जा. आधी बँक, जीएसटी, आयकर आणि विमा, मग बुकिंगच्या साइट्स, शेवटी वीजबिल आणि शॉपिंग. पत्ता बदलताना अनेकदा जुन्या पत्त्यावर ओटीपी येतो. म्हणूनच जुनं खातं आधी बंद केलं की कामं अडतात.

जुनं खातं कधी बंद करायचं?

किमान वर्षभर तरी नाही. पर्यटनाचा पूर्ण हंगाम आणि आयकर विवरणपत्राची मुदत उलटून जाऊ द्या. वर्षातून एकदाच येणारे मेल याच काळात कळतात. मात्र खातं नुसतं पडूनही देऊ नका. सलग दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक खातं गूगल मेलसकट काढून टाकू शकतं.

पुढच्या वेळी हा खटाटोप कसा टळेल?

सरकारने जे केलं तेच करा : पत्ता स्वतःच्या डोमेनवर घ्या. होमस्टेच्या नावाचं डोमेन तुमचं असलं की सेवा कितीही वेळा बदला, पाटीवरचा पत्ता तोच राहतो. डोमेनला वर्षाचं भाडं असतं आणि ते वेळेवर भरावं लागतं. मुदत चुकली तर तेच नाव दुसरा कुणी घेऊ शकतो आणि तुमचे मेल त्याच्याकडे जाऊ शकतात.

तेव्हा सुरुवात कागद-पेनाने करा. सध्याचा ईमेल कुठे कुठे दिलाय, त्याची यादी आजच काढा. ती यादी पूर्ण झाली की बाकीचं काम एका दुपारचं आहे.