नजर आणि मैदान

मुली फुटबॉलमध्ये मागे का, असे विचारले की आमच्या वऱ्हाडात एक ठरलेले उत्तर मिळते : आपल्याकडच्या मुलींत तो गुणच नाही, त्यातून मुस्लिम मुली तर पडद्यातल्या, त्यांच्याकडून काय अपेक्षा करायची? अमरावती-अकोल्याच्या उर्दू शाळांत शिकवणारे आम्ही शिक्षक हे उत्तर वरचेवर ऐकतो. इतिहास मात्र वेगळेच सांगतो. गुण सगळीकडे असतो. तो हेरणारी नजर जवळ असावी लागते, आणि हेरल्यावर मैदान मोकळे असावे लागते.

आधी इंग्लंडकडे पाहू. पहिल्या महायुद्धात पुरुष आघाडीवर गेले आणि प्रेस्टन शहरातल्या डिक-कर कारखान्यात दारूगोळ्याच्या कामावर बायका आल्या. सुट्टीच्या वेळात त्या आवारात चेंडू खेळत. कचेरीच्या खिडकीतून तो खेळ पाहणाऱ्या आल्फ्रेड फ्रँकलंड या कर्मचाऱ्याने 1917 मध्ये त्यांचा संघ उभा केला. 26 डिसेंबर 1920 रोजी लिव्हरपूलच्या गुडिसन पार्कवर या कामगार बायकांचा सामना पाहायला 53,000 लोक जमले. पण वर्षही उलटले नाही तोच, 5 डिसेंबर 1921 रोजी, तिथल्या फुटबॉल असोसिएशनने हा खेळ स्त्रियांना योग्य नाही असे ठरवून आपल्या क्लबांची मैदाने त्यांना बंद केली. ती सुमारे 50 वर्षे बंदच राहिली. ब्राझीलमध्ये 1941 ते 1979 आणि पश्चिम जर्मनीत 1955 ते 1970 अशीच बंदी होती. या तिन्ही देशांत पडद्याची चाल नव्हती, हे ध्यानात घेतले पाहिजे.

याउलट अमेरिकेत 1972 साली एक कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलगा-मुलगी भेद करण्यास त्याने मनाई केली. त्यामुळे शाळा-महाविद्यालयांत मुलींचे संघ वाढले. 1991 मध्ये चीनमध्ये स्त्रियांची पहिली विश्वचषक स्पर्धा झाली, ती अमेरिकेने जिंकली. मुलींची जात तीच; शाळेचे फाटक तेवढे उघडले होते.

आता पोशाखाचा प्रश्न. जून 2011 मध्ये जॉर्डनमध्ये ऑलिंपिक पात्रतेच्या सामन्याआधी इराणच्या मुलींना हिजाबमुळे खेळू दिले नाही. घरचे वडीलधारे म्हणतात, डोके झाकल्याशिवाय जाऊ नकोस. मैदानावरचे म्हणतात, झाकून येऊ नकोस. दोघांच्या हट्टात मुलगी घरी बसते. 2014 मध्ये नियम बदलला. 2023 च्या विश्वचषकात मोरोक्कोची नुहैला बेंझिना हिजाब घालून मैदानात उतरली आणि तिच्या संघाने दक्षिण कोरियाला 1-0 असे हरवले. तिच्यासारख्या किती जणी आधीच्या वर्षांत दाराशीच राहिल्या, त्याची मोजदाद कोण करणार?

आपल्या महाराष्ट्रातही दाखले आहेत. नागपूरच्या हिस्लॉप महाविद्यालयाचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतली मुले पावसात फुटकी बादली लाथाडताना पाहिली आणि 2001 मध्ये त्यांच्यासाठी फुटबॉल सुरू केला. पुढे त्यात मुलीही आल्या. मुंब्र्यात सबाह खान आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ‘परचम’ संस्थेने 2012 पासून मुलींना फुटबॉलसाठी एकत्र आणले. मुस्लिम आणि हिंदू मुली एका संघात खेळल्या. त्यांची मोठी लढाई चेंडूशी नव्हती. सार्वजनिक मैदान मुलांनी व्यापलेले, त्यात मुलींना हक्काची जागा मिळावी यासाठी होती.

वऱ्हाडाला ही नजर परकी नाही. वैद्य बंधूंनी 1914 मध्ये अमरावतीत हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केले आणि 1936 च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी मंडळाच्या पथकाने तिथे भारतीय खेळांची प्रात्यक्षिके दाखवली. आखाड्यातला उस्ताद पोराची चाल पाहून त्याचा हुनर ओळखतो. तशी नजर मुलींवर कधी टाकणार, एवढाच सवाल आहे.

शालेय स्पर्धा जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी चढतात. पहिल्या पायरीवर नाव शाळाच पाठवते. तिथे नाव गेले नाही तर वरच्या निवड समितीला ती मुलगी दिसणारच नाही. निवडतानाही आपण उंच, दांडगी पोर पाहतो. अकरा-बारा वर्षांच्या वयात काही मुली लवकर वाढतात, काही उशिरा. आजची उंची उद्याचा खेळ सांगत नाही. चेंडू पायाशी येण्याआधीच जी मान वर करून सोबतिणीला शोधते, जी चेंडू गमावल्यावर मागे धावते, ती हेरावी.

आणि हेरल्यावर? आठवड्यातले दोन तास मैदान फक्त मुलींचे, सोबत एक शिक्षिका, कपडे बदलायला बंद खोली, अंग झाकेल असा पोशाख चालेल ही खात्री, आणि तिच्या अम्मीशी घरी जाऊन केलेली बातचीत. यासाठी फार मोठा निधी लागत नाही. सातवी-आठवीनंतर मुली मैदानातून निघून जातात, तेव्हा त्यांच्यातला गुण संपलेला नसतो. त्यांच्यासाठीची जागा आपण संपवलेली असते. ती परत देणे शाळांच्या, मोहल्ल्याच्या आणि आम्हा शिक्षकांच्या हातात आहे.