बांधकाम आणि खडक : दोन विद्यांचा इतिहास



विहीर खणणाऱ्या वडाराला विचारा. मुरूम कोठे संपतो, मांजऱ्या कोठे लागतो आणि काळा पाषाण कोठे सुरू होतो, हे तो पहारीच्या आवाजावरून सांगतो. बांधणे आणि खडक ओळखणे ही त्याच्या हाती एकच विद्या असते. सरकारने मात्र तिच्या दोन विद्या केल्या. आज पदवीनंतर पुढे काय शिकावे असे विचारणाऱ्या मुलामुलींनी हा इतिहास अवश्य जाणून घ्यावा.

१८५१ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण ही संस्था निघाली. राज्यकर्त्यांना कोळसा हवा होता. तो शोधणे हे तिचे पहिले काम. तीनच वर्षांनी, १८५४ साली, पुण्यास इंजिनिअरिंगचा वर्ग निघाला. रस्ते, पूल, कालवे यांच्या कामांवर सरकारी बांधकाम खात्याला दुय्यम नोकर हवे होते. एक घर जमिनीखालचे शोधी, दुसरे जमिनीवरचे बांधी. धनी एकच, परंतु शाळा निराळ्या. पुण्याचा वर्ग पुढे मुंबई विद्यापीठाशी जोडला गेला आणि तेथूनच १८८३ साली विश्वेश्वरय्या इंजिनिअर होऊन बाहेर पडले. वऱ्हाडच्या मुलाला मात्र हे सारे दूरच राहिले. मध्यप्रांत-वऱ्हाडचे सरकारी महाविद्यालय १९४७ साली निघाले, तेही जबलपुरास. नागपूरचे १९६० साली आणि अमरावतीचे १९६४ साली उघडले, तेव्हा कोठे वाट जवळ आली.

या दोन घरांत बोलणे नव्हते असे नव्हे. धरणाच्या पायासाठी भूवैज्ञानिकांचा सल्ला घेतला जाई. परंतु सल्ला घेणे वेगळे आणि एकत्र शिकणे वेगळे. दख्खनचा काळा पाषाण अचल आहे, अशीच समजूत होती. १९६२ सालच्या भूकंप-नकाशात दख्खनचा बराच भाग निर्धोक गणला होता.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेने ती समजूत मोडली. सुमारे १८० माणसे दगावली. कोयनानगरातील बहुतेक घरांचे नुकसान झाले. सुमारे १०३ मीटर उंचीचे धरण उभे राहिले, पण त्याला तडे गेले आणि नंतर ते मजबूत करावे लागले. जलाशयात साठलेल्या पाण्यानेच खडकातील भेगांना चालना मिळाली, असे पुढील अभ्यासातून बहुतेक शास्त्रज्ञांचे मत झाले. म्हणजे बांधकामानेच खडक हलविला! मग कोणती विद्या कोठे संपते, हे कोणी सांगावे? १९७० साली नकाशातील शून्य धोक्याचा विभागच काढून टाकण्यात आला. तरीही ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारीच्या भूकंपात हजारो लोक मातीदगडाच्या भिंतींखाली गेले. या दोन्ही ठिकाणी मेले ते मुख्यतः कष्टकरी. नकाशा त्यांनी काढलेला नव्हता.

आता आजची वाट पाहू. स्थापत्याची पदवी घेतलेल्यास ‘गेट’ परीक्षा देऊन एम.टेक. करता येते. माती आणि खडक यांच्या बळाचा अभ्यास करणारी भू-तंत्र शाखा मुंबईच्या आय.आय.टी.त व पुण्याच्या जुन्या महाविद्यालयात आहे. जलसंपत्ती व भूकंप-अभियांत्रिकी नागपुरास शिकवितात. रुरकीस तर १९६० पासून भूकंप-अभियांत्रिकीचा स्वतंत्र विभाग आहे. ‘गेट’ उत्तीर्ण होऊन सरकारी संस्थेत गेलेल्यास विद्यावेतन मिळते, हे गरिबाच्या घरी मुद्दाम सांगावे. भूविज्ञान घेऊन बी.एस्सी. झालेल्यास एम.एस्सी.साठी नागपूर विद्यापीठ आहे, मुंबईच्या आय.आय.टी.त उपयोजित भूविज्ञानही आहे. एम.एस्सी.नंतर केंद्रीय लोकसेवा आयोगाची परीक्षा देऊन भूवैज्ञानिक सर्वेक्षणात शिरता येते. त्याचे मध्य विभागाचे कार्यालय नागपुरातच आहे.

कामगार चळवळीत इतकी वर्षे घालविलेला माणूस म्हणून माझे मागणे एवढेच. स्थापत्य घ्या वा भूविज्ञान घ्या, दुसऱ्या घरचे निदान एक वर्ष तरी मन लावून शिका. आपल्या तालुक्यात विहिरी, बंधारे, पूल व्हायचेच आहेत. पायाचा खड्डा खणला जात असताना पदवीधराने काठावर उभे राहून नकाशा पाहण्याआधी आत उतरावे आणि पहारवाल्यास विचारावे, ‘दादा, येथे आवाज कसा येतो?’ त्याचे उत्तर वहीत लिहून घ्यावे. कारण पाया चुकला, तर त्याखाली पहिल्याने सापडतो तो हाच माणूस.