गालीलच्या सरोवरावरील दगडी बांध

पवित्र शुभवर्तमानांत ज्याला गालीलचा समुद्र म्हटलें आहे, तो वस्तुतः समुद्र नव्हे. तें गोड्या पाण्याचें सरोवर आहे. त्याची लांबी सुमारें २१ किलोमीटर व रुंदी सुमारें १३ किलोमीटर असून त्याचें पाणी समुद्रसपाटीच्या खालीं २०० मीटरांहूनहि अधिक आहे. सभोंवतालच्या डोंगरांच्या खिंडींतून वारा एकाएकीं खालीं उतरतो आणि घटकाभरांत सरोवर खवळतें. प्रभूच्या शिष्यांपैकीं चौघे तरी जन्माचे कोळी होते; तेहि ज्या वादळांत भयभीत झाले, तें वादळ लहान नसावें.

परंतु होडीला भय केवळ मध्य सरोवरांतच असतें असें नाहीं. किनाऱ्यास बांधलेली होडी लाटांनीं दगडांवर आपटून फुटते, हें आपल्या कोळी बांधवांस सांगावयास नको. म्हणून त्या सरोवराच्या रहिवाशांनीं पाण्यांत काळ्या दगडांच्या राशी घालून लाटा थोपविणारे बांध रचिले. बांधाचा हात वाऱ्याच्या दिशेकडून वळवून आणावयाचा व होडी आंत शिरण्यापुरतें तोंड आडोशाच्या बाजूस ठेवावयाचें, अशी त्यांची साधी योजना होती. लाट त्या राशीवर फुटे, तिचें कांहीं पाणी दगडांच्या फटींतून झिरपे आणि आंतील धक्क्यापाशीं पाणी शांत राही.

अशीं बंदरें किती होतीं, याची जगाला बराच काळ कल्पना नव्हती. ऐन गेव येथील मेंडेल नून हे स्वतः मासेमारी करणारे गृहस्थ. अवर्षणानें पाणी ओसरलें म्हणजे ते किनारा पायीं धुंडाळीत. त्यांनीं एक डझनाहून अधिक प्राचीन बंदरांच्या खुणा नोंदविल्या. कफर्णहूम येथें किनाऱ्यालगतची लांब भिंत व पाण्यांत शिरणारे धक्के आढळले. मग्दाला येथें फ्रान्सिस्कन विद्वानांनीं जुन्या बंदराची भिंत, पायऱ्या व होड्या बांधण्याचे भोंक पाडलेले दगड उघडकीस आणिले. पहिल्या शतकांतील इतिहासकार योसेफस यानें तारिखेया येथें एका प्रसंगीं २३० होड्या गोळा केल्याचें लिहिलें आहे. पुष्कळ विद्वान तारिखेया म्हणजेच मग्दाला असें मानतात. यावरून बंदराची गरज किती मोठी होती, हें ध्यानांत येईल.

हे सर्व बांध प्रभूच्या काळचेच, असें मात्र म्हणतां येत नाहीं. मोकळ्या दगडांवर साल कोरलेलें नसतें. आणि एका पिढीनें रचलेला बांध पुढील पिढ्या डागडुजी करून वापरीत असत.

इ. स. १९८६ च्या आरंभीं, पाणी असेंच ओसरलें असतां, गिनोसर येथील दोघां कोळी भावांस चिखलांत एक होडी सांपडली. ती सुमारें ८ मीटर लांब व २.३ मीटर रुंद असून ख्रिस्ताच्या काळाच्या आसपासची ठरली आहे. तिला बारा प्रकारचीं लाकडें लागलेलीं आहेत. फळी कुजली कीं मिळेल तें लाकूड बसवून ती पुनः पुनः सांधली होती; आणि निरुपयोगी झाल्यावर तिचे कामाचे भाग काढून घेऊन तिला टाकून दिलें होतें. जो होडी इतकी जपे, त्याला बांधाची किंमत कोणीं शिकवावी?

वाचकहो, संत पेत्र व संत आंद्रिया यांचीं नांवें जगास ठाऊक आहेत. त्यांच्यासारख्यांच्या होड्या ज्या बांधांच्या आडोशास विसावल्या, ते बांध घालणाऱ्यांपैकीं एकाचेंहि नांव कोणास ठाऊक नाहीं. प्रत्येक धर्मग्रामाच्या इतिहासांतहि असेंच घडतें. पायाभरणी कोणत्या धर्मगुरूच्या हस्तें झाली हें शिलेवर कोरलें जातें; दगड डोक्यावर वाहणाऱ्या बायाबापड्यांचीं नांवें मात्र परमेश्वराच्याच वहींत राहतात. ज्युबिलीच्या या मंगल वर्षीं त्यांचें कृतज्ञतेनें स्मरण करूं या. बांध एकदां घालून भागत नाहीं; लाट रोज येते आणि दगड ढळतो. जो दगड आपल्या पिढींत ढळेल, तो पुनः बसविण्याचें बळ प्रभु आपणांस देवो.